शिट्टीनंतरचा झेल

तातेराव फौजेतून परत आला तो बहात्तरच्या उन्हाळ्यात. हातात लोखंडी पेटी, डोक्यात फुटबॉल आणि कानात, त्याच्याच शब्दांत, 'जरासं पाणी'. पाणी कसलं डोंबलाचं! एकाहत्तरच्या लढाईत हा तोफेवर होता. तिथं उजवा कान गेला आणि गड्यानं वर कुणाला सांगितलंच नाही. मुदत संपत आली होती, घरी जायची घाई. डाव्यानं भागतंय की, म्हणाला. असली अक्कल.

मी कडूबा, त्याच्याच केदारखेड्याचा, लहानपणापासूनचा सोबती. आमच्या गावात फुटबॉल कुणी पाहिलाही नव्हता. फौजेत याची उंची बघून याला गोलात उभा केला आणि हा तिथंच रुजला. पलटणीच्या टीममध्ये याचं नाव झालं, बाहेर मोठ्या स्पर्धेला जायचं ठरलं, तेवढ्यात लढाई लागली आणि सगळं राहिलं.

परत आला त्या साली पावसानं तोंड दाखवलं नाही. सगळा मुलूख खडी फोडत होता, तातेराव आणि त्याची बायको सत्यशीलाही. पुढच्या साली बरं पिकलं, कापूस आला आणि जालन्याला कापसातून सरकी काढायच्या ज्या जिनिंगमध्ये मी होतो, तिथंच मी त्या दोघांना लावून घेतलं. तिथल्या मालकाला फुटबॉलचं वेड. जिनिंगचं काम दिवाळीला सुरू होतं आणि होळीला बंद पडतं, मग ज्यानं त्यानं आपलं तोंड घेऊन घरी जायचं. पण जो मालकाच्या टीमकडून फायनल खेळेल तो कायम, बारा महिने पगार. मी आधीच झालो होतो. तातेरावचं पहिलंच वर्ष. दुष्काळ बघितलेल्या माणसाला 'कायम' म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

आणि त्याच हिवाळ्यात त्याचा डावा कानही उतरायला लागला. सत्यशीलानं मला गाठलं.

"भाऊजी, मागून हाक मारली तर वळून पाहत न्हाईत. काल पातेलं पडलं धाडकन, मान बी हलली न्हाई. म्यानेजरला कळलं तर ठेवतेन का ह्यांना?"

मॅनेजर सर्जेराव. टीम तोच निवडायचा. माणूस वाईट नव्हता, पण नजर घारीची. मला रात्रभर झोप नाही. गोलकीपरला पुढून आम्ही ओरडणार, तो आम्हाला मागून ओरडणार, सगळा खेळ आवाजावर. बहिऱ्याला गोलात उभा करायचा कसा?

वाट सत्यशीलानंच दाखवली. जिनिंगच्या घरात यंत्रं सुरू झाली की शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी कळत नाही. म्हणून तिथं सगळे हातांनी बोलतात. वर मूठ दाखवली की कापूस आण, पंजा दाखवला की थांब, दोन्ही तळवे खाली दाबले की यंत्र बंद. बायका तर हातांनी भांडणंसुद्धा करतात. "तसंच करा की मैदानात," ती म्हणाली.

मी बॅक, म्हणजे खेळताना माझी पाठ तातेरावकडे. पाठीमागं हात धरून मी खुणा करायला लागलो. मूठ म्हणजे पुढं ये, पंजा म्हणजे जागेवर थांब, दोन्ही तळवे म्हणजे शिट्टी झाली, खेळ थांबला. लोक हसायचे, कडूबाच्या कमरेत उसण भरली म्हणायचे. हसेनात का. माझं निम्मं लक्ष चेंडूवर आणि निम्मं पाठीवर. तातेराव झेलत होता मात्र असा, की चेंडूच त्याच्या हातांना सोकावलेला. सामन्यामागून सामना निभावला. तरी दर सामन्याला सत्यशीला पदराचं टोक चावत बसायची. मलाही जेवण जायचं नाही.

फायनल औरंगाबादच्या टीमशी. आम्ही एका गोलनं पुढं आणि खेळ संपत आलेला. त्यांचा फॉरवर्ड माझ्यावर येऊन आदळला आणि मी तोंडावर पडलो. ऑफसाइडची शिट्टी झाली. सगळे जागच्या जागी थांबले. माझे दोन्ही हात छातीखाली अडकलेले. त्यांच्या एका पोरानं चिडून, उगाच, चेंडू आमच्या गोलाकडं हाणला.

तातेरावनं अंग झोकून दिलं. पूर्ण आडवा, हवेत. कोपऱ्यात शिरणारा चेंडू त्यानं बोटांच्या टोकांवर अडवला, छातीशी घेतला आणि धुळीत लोळला. असा झेल मी जन्मात दुसरा पाहिला नाही. मैदानात कुणीच हलत नव्हतं. तो उठला, चेंडू वर धरून हसला. लोकांना वाटलं गंमत करतोय. ते पोट धरून हसले, मग टाळ्या वाजवल्या.

सर्जेराव हसला नाही. खेळ पुन्हा सुरू झाला तसा तो सावकाश चालत गोलामागं जाऊन उभा राहिला.

"तातेराव!"

मग आणखी मोठ्यानं. "ओ तातेराव!"

हाताच्या अंतरावर. तातेराव समोर खेळ बघत होता. जिनिंगच्या बायकांमध्ये बसलेली सत्यशीला उठून उभी राहिली, मागं वळा म्हणून तिनं हात वर केला. तेवढ्यात सर्जेरावनं तिच्याकडं पाहिलं. तिनं हात खाली घेतला.

आम्ही जिंकलो. सर्जेरावनं मला आणि सत्यशीलाला बाजूला बोलावलं.

"कधीपासून?"

"लढाईपासून, साहेब," सत्यशीला म्हणाली. "ह्यांना काढू नका."

"अन् तुम्ही गोलात उभा करून राह्यले? एखाद्याचा बूट डोक्यात बसला असता मंग?" त्यानं लांब उभ्या तातेरावकडं पाहिलं. "कायम करतो. जिनिंगच्या घरात. तिथं कुणाला काय ऐकू येतं? पण गोलात पुन्हा न्हाई. बिलकुल न्हाई. ते तुम्हीच सांगा त्याला, माझ्याच्यानं सांगणं व्हायचं न्हाई."

घराकडं निघालो. मधे तातेराव, अंगभर धूळ, चाल नवरदेवाची. सत्यशीलानं त्याचं तोंड आपल्याकडं वळवून सावकाश सांगितलं, कायम झालात. त्यानं तिच्या ओठांवरून ते बरोबर उचललं. रस्त्यातच तिचे दोन्ही हात धरले.

"त्या झेलानंच! साहेब तव्हा पाहून राह्यले व्हते माझ्याकडं. त्यो सुटला असता तर बराबरी झाल्ती."

शिट्टी आधीच झाली होती, हे त्याला कुणी सांगावं? मी सत्यशीलाकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं. तिचे डोळे भरले होते आणि मला नुसता राग येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं.

"आता पुढल्या साली औरंगाबादला जाऊन हाणू त्यांना," तो म्हणाला. "गोलात मीच ना, कडूबा?"

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. सत्यशीलाही बोलली नाही. तातेराव आमच्या तोंडांकडं पाहत राहिला. त्याला वाटलं, आम्ही काहीतरी बोललो आणि त्याला ते ऐकू आलं नाही.

"हां, हां," तो घाईघाईनं मान हलवत म्हणाला, "बराबर हाय." आणि हसत पुढं चालायला लागला.