स्वतःचं अन्न

स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कढीपत्त्यावर ऊन आलं होतं. ऊन, हवा आणि मुळांनी ओढलेलं पाणी, एवढ्यावर ती पानं गुपचूप साखर तयार करत होती. ज्यांना हे जमत नाही ते सगळे दुसऱ्याच्या जिवावर जगतात, हे मी परीक्षेत आकृतीसकट लिहिलंय. आमच्या घरात कॉलेज शिकलेला पहिला मीच, आणि तेही वनस्पतिशास्त्र.

आई तापानं पडली होती. तिच्यासाठी पेज करायला म्हणून आत आलो होतो, आणि तिलाच हाक मारली, "आई, पाणी किती घालू?"

"शिकणाऱ्याला चुलीपाशी येऊच दिलं नाही मी," ती भिंत धरत आली. "सरक बाळा."

मी सरकलो. पेज शिजल्यावर पहिली वाटी तिनं माझ्यापुढे ठेवली. लाज वाटत होती, पण भूकही होती. मान खाली घालून मी ती संपवली.