पुलीवरची खूण

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, तुमच्या डोक्यात कायम स्टोव्ह पेटलेला असतो. असेल. पण ज्या माणसाला मी अकरा वर्षं उस्ताद म्हटलं, त्याच्यापुढे माझा आवाज कधी चढला नव्हता. आयटीआय करून मी नेवाशात त्यांच्या गॅरेजला लागलो, तेव्हा मला धड पाना धरता येत नव्हता. आज जे काही येतं ते त्यांनी शिकवलेलं.

फक्त एक काम ते स्वतःच्या हातात ठेवायचे. जुन्या पेट्रोल गाड्यांचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ बांधणं. अशा गाड्या तालुक्यात आता मोजून सात-आठ, पण मालक त्यांना लेकरासारखं जपतात, आणि त्या सगळ्या उस्तादांकडेच यायच्या.

काम तसं सोपं. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढायचा, भोकावर अंगठा दाबायचा आणि पुली हळूहळू फिरवायची. हवा अंगठ्याला ढकलायला लागली की समजायचं, पिस्टन वर येतोय. तो पार माथ्यावर पोचला की टीडीसी. पण माथा अंगठ्याला नेमका कळत नाही. त्यासाठी पुलीच्या काठावर पांढरा रंग भरलेली एक खाच असते, ती समोरच्या काट्याला लावायची आणि तिथून ठिणगीची वेळ धरायची. एवढं सगळं उस्ताद माझ्याकडून करून घ्यायचे. मग म्हणायचे, "आता व्हय बाजूला. म्होरलं कानानं करायचं असतं." मला चहा सांगायला पाठवायचे. मी परत येईपर्यंत इंजिन लोण्यासारखं चालत असायचं. मी गावभर सांगत फिरायचो, आमच्या उस्तादांचा कान म्हणजे देवाची देणगी आहे बाबा.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्याच रस्त्याला मी माझं गॅरेज काढलं. नारळ उस्तादांनीच फोडला. पहिलं वर्ष मोटरसायकली आणि पंक्चर यातच गेलं. मग एक दिवस गणिताचे निवृत्त गुरुजी आपली जुनी पेट्रोल कार घेऊन आले. "तिकडे दोन दोन दिवस नंबर लागत नाही. तूच कर," म्हणाले. ही गाडी जमली तर बाकीच्याही येणार होत्या. नाही जमली तर मी जन्मभर पंक्चरवालाच राहणार होतो, हे मला आणि अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं.

मी शिकवल्याबरहुकूम केलं. खाच काट्याला लावली, टायमिंग बांधलं. गाडी चालू झाली, पण नुसती तापायची, ओढच नाही. कानाने करायला गेलो तर खुणेपासून इतकं लांब जावं लागायचं की मी मध्येच हात आवरायचो. उस्तादांनी दाखवलेली खूण खोटी कशी असेल? मीच चुकतोय म्हणून मी पुन्हा खुणेवर यायचो. असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला गाडीने इमामपूरच्या घाटात मान टाकली आणि मागे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली.

गुरुजी गाडी उस्तादांकडे घेऊन गेले. दहा मिनिटांत झाली. तिथे चार गिऱ्हाइकांसमोर उस्ताद म्हणाले, "पोरगं गुनी हाय, पन कान न्हाई त्याला." हे माझ्या कानावर आलं तेव्हा मला राग आला नाही, लाज वाटली. मला ते खरं वाटलं! आज त्याचीच जास्त चीड येते.

पण गुरुजी हाडाचे मास्तर. आठवड्याने पुन्हा दारात हजर. "खुणेवर बसवली की गाडी बिघडते, खुणेवरून हलवली की चालते. मग तुझा कान कशाला तपासायचा? खूण तपास," म्हणाले. त्यांनी सायकलची एक तार मागितली आणि प्लगच्या भोकातून पिस्टनवर टेकवली. "माथ्यावर पिस्टन जरा थांबल्यासारखा वाटतो, म्हणून तिथं मोजायचंच नाही. चढताना तार या उंचीला आली की पुलीवर खडूची रेघ मार. उतरताना त्याच उंचीला आली की दुसरी मार. दोन रेघांच्या बरोबर मधोमध माथा."

मधोमध जागा निघाली ती पांढऱ्या खुणेपासून चांगली दोन बोटं लांब. तिथे नुसता काळा रंग होता. मी पटाशीने खरवडलं. आत पुट्टी भरलेली, आणि पुट्टीखाली कंपनीची खरी खाच. पांढरी खूण छिन्नीने नंतर मारलेली होती.

कान कसला आणि देवाची देणगी कसली! मला चहाला पिटाळायचं आणि स्वतः खऱ्या जागेवर बसवायचं, एवढीच ती विद्या.

तसाच उठून गेलो. उस्ताद बाजेवर पेपर वाचत होते. मी म्हणालो, "गुरुजींच्या गाडीची खाच बुजवली कुणी?"

त्यांनी चष्मा काढला. नाकारलं नाही. "सापडली व्हय? सगळ्याच गाड्यांची बुजवलीय."

"मी बाहेर पडलो म्हणून? राग आला होता तर दोन थोबाडीत मारायच्या होत्या. माझी अब्रू कशाला घालवलीत?"

राग आला होता, एवढंच त्यांनी म्हणावं असं मला फार वाटत होतं. रागाचं मला कळतं. मी तिथल्या तिथे पाया पडलो असतो.

उस्ताद हसले. अगदी मायेने हसले. "येडा हायस का? तुझ्यावर कशाला रागावू? आमच्या उस्तादानं सांगून ठिवलेलं, नवा मानूस ठिवला की आधी खुना हलवायच्या. तू आलास त्या पयल्या आठवड्यातच केल्या मी."

पहिला आठवडा मला लख्ख आठवतो. मी बाहेर पायरीवर डबा खात बसलो होतो. उस्तादांनी माझा हात धरून घरात नेलं, पाटावर बसवलं आणि काकूंना म्हणाले, "याला वाढ गं. आजपासनं ह्यो आपल्या घरातला."