गवंड्याचा ओळंबा आणि गोल पृथ्वी

समुद्रकाठच्या एका वस्तीत एक गवंडी राहत असे. लहानथोर सर्वजण त्याला मिस्त्री म्हणत. बेचाळीस वर्षे त्याने भिंती बांधल्या आणि त्यांतील एकही कधी कलली नाही. ही गोष्ट त्याचे शत्रूही मान्य करीत. अर्थात शत्रू फारसे नव्हतेच, कारण भांडणाला लागणारा वेळ तो कामाला देत असे.

त्याचा विश्वास दोन वस्तूंवर होता. उभ्या कामासाठी ओळंबा, म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेले पितळी वजन. आडव्या कामासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी जेथे थांबेल तेथे पेन्सिलीने खुणा करायच्या, की झाली सरळ रेषा. ही नळी त्याने बेचाळीस वर्षांत असंख्य वेळा धरली आणि पाण्यात फुगवटा असा कधी पाहिला नाही. म्हणून पृथ्वी सपाट आहे, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

साठी उलटल्यावर बायकोच्या आग्रहाने तो तिच्यासोबत प्रौढांच्या वर्गात जाऊ लागला. अक्षरे जुळू लागली. पुढे एके संध्याकाळी पृथ्वीचा धडा आला आणि मिस्त्रींनी पुस्तक मिटले.

"बाई, हे पुस्तक लिहिणाऱ्याने कधी घराचा पाया घातलाय का?"

मागच्या बाकावर एक म्हातारा खलाशी बसत असे. तो म्हणाला, "मिस्त्री, मी तीस वर्षं बोटीवर काढली. लांबून बोट येते तेव्हा आधी डोलकाठी दिसते, खालचं धड मागून वर येतं."

"तीस वर्षांत तू शुद्धीवर किती दिवस होतास?"

"शुद्धीवर नसताना दोन डोलकाठ्या दिसायच्या," खलाशी शांतपणे म्हणाला. "पण त्यासुद्धा आधीच दिसायच्या."

वर्ग हसला. बाईंनी विचारले, "बरं मिस्त्री, संध्याकाळी सूर्य जातो कुठे?"

"लांब जातो. कंदील घेऊन माणूस लांब गेला की उजेड संपतो ना, तसा." मग त्यांचा आवाज उतरला. "बाई, पृथ्वी गोल असेल तर माझी नळी खोटी आणि ओळंबाही खोटा. म्हणजे मी बांधलेली एकही भिंत सरळ नाही. त्या घरांत माणसं राहतात. हे मी कबूल करू?"

मिस्त्रींनी वही काखेत मारली आणि ते निघून गेले.

पुढचे आठ दिवस बायको एकटीच वर्गाला गेली. नवव्या दिवशी तिने निरोप आणला. "अहो, बाई म्हणतात, कंदील लांब गेला तर बारीक दिसायला हवा. सूर्य संध्याकाळी बारीक होतो का ते मोजा. तुम्हाला मोजता येतं, म्हणाल्या."

या शेवटच्या वाक्याने मिस्त्री अडकले.

त्या वेळी ते समुद्राकाठी वीस मजल्यांच्या इमारतीवर काम पाहत होते. त्यांनी पत्र्याला बारीक खिळ्याने भोक पाडले. भर दुपारी तो पत्रा छतातील मोकळ्या जागेवर ठेवला आणि भोकापासून बरोबर चार मीटरवर, अंधारलेल्या फरशीवर, सूर्याचा जो गोल ठिपका पडला तो मोजला. अडतीस मिलिमीटर. संध्याकाळी तोच पत्रा पश्चिमेच्या खिडकीत बसवून पुन्हा चार मीटरवर, समोरच्या भिंतीवर ठिपका घेतला. अडतीस मिलिमीटर. त्यांनी टेप पुसून पुन्हा लावली. ठिपका जराही लहान झाला नव्हता.

मग सूर्य जातो तरी कुठे, हे खालून आणि वरून एकाच वेळी पाहायला दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला फोन देऊन वाळूवर बसवले आणि स्वतः कामाच्या लिफ्टने गच्चीवर गेले. सूर्य लाल होऊन पाण्याला टेकला होता. फोन कानाला होता.

"गेला," बायको म्हणाली.

"काय गेला?"

"सूर्य. आणखी काय जाणार?"

मिस्त्रींच्या समोर सूर्य होता. त्याचा तिसऱ्या भागाहून थोडा जास्त तुकडा पाण्यावर निखाऱ्यासारखा उभा होता.

"नीट बघ गं."

"नीटच बघतेय. नुसती लाली उरलीय. तुम्ही खाली या बघू, वारा सुटलाय."

मिस्त्री मोजू लागले. एक, दोन, तीन. साठ मीटर खाली बसलेल्या त्यांच्या बायकोचा दिवस मावळला होता आणि त्यांचा अजून चालू होता. एकावन्न झाले तेव्हा शेवटची ठिणगी पाण्याआड गेली. ती विझली नाही, बारीकही झाली नाही. समुद्राच्या पाठीमागे उतरली. समुद्राला पाठ होती. ती किनाऱ्यापासून वळत वळत जात होती, आणि जन्मभर ज्या जमिनीवर त्यांनी पाया भरला तीही तशीच वळत होती. मिस्त्रींनी कठडा धरला. आपण एवढ्या मोठ्या वस्तूवर उभे आहोत, हे त्यांना प्रथमच कळले होते.

खाली येऊन ते बायकोसोबत घरी निघाले. मग म्हणाले, "भिंतींचं काय?"

दुसऱ्या संध्याकाळी हाच प्रश्न घेऊन ते वर्गात उभे राहिले. खलाशाने बाकावर सरकून जागा केली.

बाईंनी फळ्यावर मोठे वर्तुळ काढले आणि काठावर दोन घरे काढली. "मिस्त्री, ओळंबा खोटा नाही. तो नेहमी पृथ्वीच्या मध्याकडे बोट दाखवतो. पाणी त्या बोटाला काटकोनात थांबतं. तुमच्या नळीतलं पाणीही समुद्रासारखंच वाकलेलं असतं, फक्त नळी एवढी लहान की दिसत नाही."

"म्हणजे दोन ओळंबे समांतर नसतात?"

"नसतात." त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. शंभर मीटर अंतरावरच्या दोन भिंती ओळंब्यात साठ मीटर उंच नेल्या, तर माथ्याशी त्या तळापेक्षा सुमारे एक मिलिमीटर जास्त दूर असतात.

"एवढं तर आमच्या गिलाव्यात जातं," मिस्त्री म्हणाले आणि सगळे हसले. ते स्वतः मात्र हसले नाहीत. जगातील प्रत्येक गवंड्याची दोरी, त्याचा देश कोणताही असो, पायाखालच्या त्याच एका जागेकडे बोट दाखवत आली होती. आणि त्या जागेशी इमान राखूनच त्यांच्या सर्व भिंती उभ्या होत्या.

"बाई, चंद्रावर भिंत बांधायची झाली, तर ओळंबा आपल्या पृथ्वीकडे लटकेल का?"

"नाही. तिथे तो चंद्राच्या मध्याकडे लटकेल."

वर्गाची वेळ संपली होती, तरी कोणी उठले नाही. मिस्त्रींनी खिडकीतून आभाळाकडे पाहिले.

"मग तिथेही भिंत सरळ होते म्हणायची," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी वही उघडली.