जपानी घरातला माझा अंगठा

जपानी घराच्या कागदी दाराला भोक मी पाडलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच.

२००४ च्या उन्हाळ्यात सासूबाई नागपूरहून आमच्याकडे क्युपर्टिनोला आल्या होत्या. जवळच डोंगरावर एक जुनं जपानी घर म्युझियम म्हणून जपून ठेवलंय, ते दाखवायला त्यांना नेलं. गाडीतून उतरताना मायलेकींचं छत्रीवरून वाजलं.

"आई, ती छत्री गाडीतच ठेव!"

"ऊन पाहिलंस का बाप्पा तुमच्याकडचं?" (नागपूरची बाई कॅलिफोर्नियाच्या उन्हाला नावं ठेवत होती!)

छत्री आली.

दारात पाटी: शूज बाहेर काढा.

"आपल्यासारखंच आहे की!" सासूबाई खूश. मी गार. माझ्या उजव्या मोज्यातून अंगठा पूर्ण बाहेर होता. मृणालने, म्हणजे बायकोने, तो मोजा कचऱ्यात टाकला होता आणि मी गुपचूप परत काढला होता. (वरून शूज असतात, बघतंय कोण?) पण सासूबाईंपुढे जावयाचा उघडा अंगठा? छे!

मी डावा पाय उजव्यावर ठेवून बगळ्यासारखा उभा राहिलो. गाइड, एक वयस्कर जपानी बाई, सांगत होत्या की दारं कागदाची आहेत, कृपया टेकू नका. नेमका तेव्हाच माझा तोल गेला.

फट्ट! कोपर आरपार.

मी कोपर काढेपर्यंत मृणाल वळली. भोकाशेजारी सासूबाई, हातात छत्री.

"आई! तरी सांगत होते!"

सासूबाईंनी छत्रीकडे पाहिलं, मग खाली माझ्या पायांकडे.

"लागली असेल बाई," त्या म्हणाल्या.

गाइडबाई 'कागदच आहे, बदलू' म्हणत कमरेत वाकल्या. सासूबाई हात जोडून वाकल्या. गाइडबाई पुन्हा वाकल्या. मीही वाकलो, अंगठा झाकायला!

त्यानंतर कुठेही नेलं की सासूबाई गाडीतून उतरेनात. "जावईबापू, तुम्ही या बघून. माझ्या छत्रीचा काय भरवसा!" दर वेळी मी खरं सांगायला तोंड उघडायचो आणि "पाणी आणू का?" म्हणायचो. समुद्र तेवढा त्यांनी जवळून पाहिला. त्याला दारं नव्हती. बाकीची अमेरिका पार्किंग लॉटमधून बघून बाई परत गेल्या.

दिवाळीला त्यांनी कुणाबरोबर तरी चिवडा पाठवला. डब्याखाली माझ्या नावाचं पुडकं होतं. आत डझनभर मोजे.

एव्हाना तेही फाटलेत. सासूबाईंची माफी मागायची अजून बाकी आहे.