अक्कानं कापलेला बोर्ड

दवाखान्यातून फोन आला तेव्हा लॅमिनेशनच्या मशीनमध्ये व्हिनाइलचा बोर्ड अर्धा गेला होता. "अक्का गेली," एवढंच माझे यजमान बोलले. मी मशीन थांबवलं नाही. मध्येच थांबवलं की तिथं आडवी रेघ उमटते आणि ती कधीच जात नाही. बोर्ड पुरा बाहेर आला, मग मी खाली बसले आणि रडले... यावरून भावकीत मला बरंच ऐकून घ्यावं लागलं. बोलोत बापडे. अक्कानंही मला मध्येच बटण बंद करू दिलं नसतं.

अक्का म्हणजे माझी जाऊ. मंगळवार पेठेतलं व्हिनाइल छपाईचं दुकान तिच्या नवऱ्यानं दोन हजार सालानंतर काढलं आणि लवकरच तो वारला. मग ती मशीनवर उभी राहिली आणि मला हाताशी घेतलं. अक्काच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तिच्याविषयी बोलताना कुणीसं माइकवरून म्हणालं, "बाई असूनही मशीन चालवायच्या." तो 'असूनही' मला अजून झोंबतो आहे. रोल चढवला की ती आधी हातभर कोरं व्हिनाइल पुढं सोडायची, दोन्ही कडांवरून बोट फिरवायची आणि मगच छपाई सुरू करायची. रोल तिरका जायला लागला की कुणीही हातानं ओढून सरळ करायला बघतं. मीही बघायचे. माझ्या हातावर चापट बसायची. "वडू नगंस. वडून सरळ हुत न्हाय, सुरकुती पडतीया. काढ आन् परत लाव."

माझ्या थोरल्या दिरांना सगळं घर दादा म्हणतं. भाऊ वारल्यावर त्यांनी मशीन कबनूरच्या एका माणसाला विकायचं ठरवलं होतं. अक्का ऐकेना. शेवटी भावकीसमोर ठरलं, की गगनबावड्याच्या एका दूध संस्थेचा लांबलचक बोर्ड ठरल्या दिवशी गेला तर दुकान अक्काचं, नाहीतर दादा म्हणतील तसं. अक्कानं शब्द दिला. छपाई झकास झाली. वर चढवायच्या पारदर्शक फिल्मचा रोल मात्र केसभर तिरका बसला होता. सुरुवातीला कळलंच नाही. शेवटाला एका कडेला दोन बोटं व्हिनाइल उघडं राहिलं. संस्थेचा माणूस टेम्पो घेऊन दारात उभा. तो म्हणाला, "चालतंय की वैनी. येवड्या वर कोण बगाय जातंय?"

दादा खुर्चीत बसून बघत होते. मला वाटलं, निदान आज तरी ही गप्प बसेल... अक्कानं कटर घेतला आणि बोर्ड मधोमध कापला.

"पाऊस बगतोय की," ती म्हणाली. "उगड्या कडंनं पाणी शिरंल. उद्या या पावणं."

"मग इकायचं ठरलं म्हणायचं," दादा उठले.

"तुमचं ठरलं आसंल. माझं न्हाय."

दुसऱ्या दिवशी नव्यानं छापलेला सरळ बोर्ड टेम्पोत चढला आणि थोड्याच वेळात दादा कबनूरच्या माणसाला घेऊन आले. अक्का दारात आडवी खुर्ची टाकून बसली होती. "शबुद दिलतास की गं," दादा म्हणाले. "दिलता. मोडला. वाकडा बोर्ड दिऊन पाळायचा व्हता व्हय?" पाहुण्याला तिनं चहा पाजला आणि वाटेला लावलं. त्यानंतर कितीतरी दिवस भावकीतल्या लग्नाकार्यात तिला कुणी बोलावलं नाही. तिला ते लागायचं, मी बघितलंय. पण तिनं एकदाही चुकलं म्हटलं नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे.

परवा दादा दुकानाच्या दारात आले. थकलेत आता. तिथूनच मशीनकडं बघत म्हणाले, "ती गेली. आता एकटी तू काय करणार? गिऱ्हाईक हाय माझ्याकडं, बग." मी नवा रोल चढवायला घेतला होता. एकटीनं उचलत नाही तो, आणि एका बाजूनं उचलला की तिरकाच बसतो.

"दादा, त्या बाजूला अक्का असायची," मी म्हटलं. "आता तुम्ही उचला."

मी माझं टोक धरून तशीच उभी राहिले... मग दादांनी चपला काढल्या आणि ते आत आले.