तलावाच्या तळाशी महाल असलेलं पुस्तक

काकीने अट घातली तेव्हा मला ते आठवडाभराचं काम वाटलं होतं. वर्ष उलटत आलं तरी ते माझ्या हातून होईना.

पन्नास सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. मी मूल या गावी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि एका भाताच्या गिरणीमागे दोन खोल्या घेऊन राहत होते. काकी वैनगंगेच्या पलीकडे आमच्या गावी एकटी. माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे मला वाढवलं ते काकीनेच. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. चुलीतलं लाकूड समजून निखाऱ्यालाच हात घालायची आणि भाजलेली बोटं पदराखाली लपवायची. दर सुट्टीत मी डोंग्याने नदी ओलांडून जायची आणि तेच म्हणायची, चल माझ्याकडे. तिचं उत्तरही तेच असायचं.

"अन् तो आला तं? मले कुठी पाहीन?"

तो म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा, माझा चुलतभाऊ. सागवानाचे तराफे नदीतून खाली नेणाऱ्या माणसांबरोबर तो सिरोंच्याच्याही पुढे गेला, तो आलाच नाही. बरोबरची माणसं आली. कोणी म्हणालं, वाहून गेला. कोणी म्हणालं, तिकडेच एका तेलुगू बाईशी घर केलं. काकी दोघांचंही ऐकून घ्यायची आणि संध्याकाळी दारात येऊन बसायची.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीअखेर मी फारच मागे लागले, तेव्हा ती म्हणाली, "ते मुनशीचं पुस्तक आठवते काय वं तुले? त्या पोराचं पुढं काय झालं ते सांग. मंग येतो तुह्या संग."

"त्यात काय! तो परत आला," मी लगेच सांगून टाकलं.

"मनाचं नोको सांगू. छापलं हाय ते सांग."

मला टाळायचा हा तिचा डाव आहे हे मला स्वच्छ कळत होतं. पण डाव टाकला होता माझ्यासमोर, आणि हट्टात मी तिच्याच हाताखाली तयार झालेली. म्हटलं, ठीक आहे. छापलेलं तर छापलेलं.

आता ते पुस्तक. मी दहा-अकरा वर्षांची असताना, चुलतभाऊ गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, गावात तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगाम सुरू होता. बाया पहाटे जंगलातून पानं तोडून आणायच्या आणि दुपारभर आमच्या मांडवात बसून त्यांची पुडकी बांधायच्या. ठेकेदाराचा मुनशी आमच्याच ओसरीवर उतरला होता. त्याच्याजवळ एक जाडजूड अद्भुत कादंबरी होती, आणि बायांमध्ये वाचता येणारी मी एकटी. हात पानांवर आणि कान माझ्याकडे, अशी ती कादंबरी रोज थोडी थोडी चालायची. हंगाम संपला, मुनशी पुस्तक घेऊन निघून गेला, आणि गोष्टीतला पोरगा पाण्याखालीच राहिला. पुस्तकाचं नाव मला आठवत नव्हतं. त्याला पुठ्ठा नव्हता आणि सुरुवातीची पानंही गळालेली, तर नाव कुठून आठवणार?

गोष्ट मात्र मला लख्ख आठवत होती. एका प्रचंड तलावाच्या तळाशी महाल. दारावर राखण करणारी मगर. मोहाची पिऊन झिंगलेला राक्षस. एक पोरगा रानगव्यावर बसून येतो आणि हरवलेली अंगठी शोधायला पाण्यात उतरतो. आणि काठावर पळसाच्या पानात भात झाकून बसलेली त्याची आई. ती आई तर मला माझ्या आईपेक्षा स्पष्ट दिसायची.

पहिल्या सुट्टीला मी छोट्या गाडीने चांद्याला गेले. तिथल्या वाचनालयातले ग्रंथपाल गृहस्थ नाकावर चष्मा आणि चष्म्यावर आठ्या असे बसलेले. मी गोष्ट सांगितली.

"तलाव? आणि रानगवा?" ते म्हणाले. "बाई, असं पुस्तक मराठीत नाही."

"मी वाचलंय."

"मग स्वप्नात वाचलं असेल."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पुढच्या सुट्टीला मी पुन्हा गेले. ते मला ओळखायला लागले, मी दिसले की दुसरीकडे बघायला लागले, तरी मी जातच राहिले. मार्कंड्याच्या जत्रेत पोथ्या आणि जुनी पुस्तकं विकणारे बसत, त्यांच्यापुढे उकिडवी बसून मी गठ्ठेच्या गठ्ठे उपसले. शाळेतल्या मास्तरणी विचारायच्या, "सापडली का तुमची मगर?" मी म्हणायची, "सापडेल, कुठे जाते!" मनातून मात्र धीर सुटत चालला होता. काकी प्रत्येक भेटीत विचारायची, "भेटलं?" आणि मी नाही म्हटलं की तिला बरं वाटायचं. त्याचा मला फार राग यायचा.

मग पुढचा उन्हाळा आला. मी गावी गेले तर मांडवात पुन्हा पुडकी बांधणं चाललेलं. बाया म्हणाल्या, "मास्तरीनबाई, वाचा ना काही." माझ्याजवळ एक मासिक होतं. त्यातली एक गोष्ट मी वाचायला घेतली. गोष्टीत जहाज समुद्रात निघालं आणि पहिल्याच वाक्याला एक बाई म्हणाली, "समुद्र कोनं पाह्यला वं? तलाव म्हना, आसोलामेंढ्याच्या तलावाएवढा."

मी सवयीने म्हटलं, "बरं, तलाव," आणि पुढे वाचू लागले. चार ओळी गेल्या आणि माझी जीभ जागच्या जागी थांबली.

तेव्हाही असंच झालं होतं! याच मांडवात, याच बाया. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता, मीही नव्हता. म्हणून तलाव केला. देवमासा कोणाला कळेना, म्हणून वैनगंगेतली मगर आणली. पांढऱ्या घोड्यात काही दम वाटेना, म्हणून रानगवा. राक्षस द्राक्षाची दारू प्यायचा, त्याला आम्ही मोहाची पाजली. वर्षभर मी आम्हीच रचलेलं पुस्तक लोकांच्या कपाटात शोधत होते. बायांसमोर मी इतकी हसले की त्यांना वाटलं मला ऊन लागलं.

दुसऱ्याच दिवशी चांदा. ग्रंथपालांनी मान वळवायच्या आत मी म्हटलं, "समुद्राच्या तळाशी महाल, दारात देवमासा, पांढऱ्या घोड्यावरचा राजपुत्र आणि हरवलेली अंगठी."

"अहो, मग हे आधी का नाही सांगितलंत?" म्हणत ते उठले आणि तिसऱ्या कपाटातून त्यांनी ते पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं.

परतीच्या गाडीत मी ते भराभर चाळून काढलं. अंगठीची हकिकत जशीच्या तशी होती. मुनशी निघून गेला तेव्हा वाचन जिथे थांबलं होतं ते पानही सापडलं. पण काठावरची आई सापडेना. मी पुढे पाहिलं, मागे पाहिलं. राजपुत्राला आईच नव्हती. पहिल्याच प्रकरणात ती वारलेली.

मग ती भात झाकून बसलेली बाई आली कुठून? आणि मला ते आठवलं. पोरगा पाण्यात उतरला तेव्हा पुडकं बांधता बांधता काकी म्हणाली होती, "अन् त्याची माय? तिले काठावर बसव. तो निघन तं त्याले भूक लागली असन." बाकीच्या बायांनी माना खाली घातल्या होत्या. मी बसवली आणि पुढे वाचत गेले. तेव्हा मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. गाडीत मात्र मी पुस्तकात तोंड घालून रडले.

शेवट तर त्याहून अवघड होता. राजपुत्र परत येतच नाही. समुद्राखालच्या राजकन्येशी लग्न करून तो तिथेच राहतो, तिथलाच राजा होतो. काकीला अक्षर येत नव्हतं. तो आला, म्हणून मी सहज वाचून दाखवू शकले असते. नदीपर्यंत माझं तेच ठरत होतं. डोंग्यात बसल्यावर मात्र मला वाटलं, वर्षभर चपला झिजवल्या त्या खोटं वाचायला नाही. तिने छापलेलं मागितलं होतं.

काकी दारात बसली होती. मी शेजारी बसले, पुस्तक उघडलं आणि शेवटचं पान जसं होतं तसं वाचलं. फक्त समुद्राचा तलाव केला.

काकीने पुस्तकाकडे तोंड वळवलं.

"म्हंजे आलाच नाई."

"नाही काकी."

"बुडला बी नाई?"

"नाही. तिथेच राहिला. लग्न केलं."

"सुखानं हाय म्हनते?"

"सुखाने आहे म्हणते."

"छापलं हाय ना असं?"

मी तिचं भाजलेलं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. तिने ते ओळीवरून हळूहळू फिरवलं, आणि मग म्हणाली, "मंग आता त्याच्या मायले उठव. लय दिवस झाले काठावर बसून."

मी पुस्तक समोर धरलं आणि वाचल्यासारखं म्हटलं, "मग त्याची माय उठली. झाकलेला भात तिने स्वतः खाल्ला आणि ती आपल्या पुतणीच्या घरी राहायला गेली."

"हे नाई छापलं."

"नाही."

"मले ठाऊक हाय," काकी म्हणाली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ती उठली.