बटाट्याच्या तराजूतला कॅमेरा

"किंमत मागाहून. आधी वजन सांगा," असं म्हणून काका दुकानातला कॅमेरा समोरच्या भाजीवाल्याच्या तराजूत ठेवत. तुम्ही त्या सुमारास भोपाळच्या जवाहर चौकात फिरला असाल, तर हे दृश्य पाहिलंही असेल. भाजीवाला चिडत नसे. "को खाँ, आज क्या तौलना है?" एवढंच भोपाळी ढंगात विचारी आणि पारड्यातले बटाटे काढून घेई.

१९५६ साली राजधानीबरोबर नागपूरच्या सरकारी कचेऱ्या भोपाळला हलल्या, तेव्हा ते आले. बांधकाम खात्यात नकाशे काढत. आमच्यापासून तिसऱ्या क्वार्टरमध्ये एकटे राहत. मी त्यांना काका म्हणे. ओळीतल्या कुणालाही कॅमेरा घ्यायचा असला की तो काकांना विचारी. गंमत अशी की त्यांच्याकडे स्वतःचा कॅमेरा नव्हता. "तो नागपूरला धाकट्या भावाकडे आहे," एवढंच ते सांगत.

माझे वडील त्यांच्याच कचेरीत चपराशी. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिला. भूगोलाच्या सरांनी सहलीत डोंगरदऱ्यांचे फोटो काढण्यासाठी कॅमेरा घ्यायचं ठरवलं आणि निवड माझ्यावर सोपवली. वर्गात एकजण म्हणालाच, "यानं कॅमेरा हातात तरी धरलाय का कधी?" धरला नव्हता. फोटो हलले असते, तर माझ्यामुळे सरांना ऐकून घ्यावं लागलं असतं. मला दोन रात्री नीट झोप लागली नाही.

काकांना घेऊन मी दुकानात गेलो. तिथे मला दोन भिंगांचा मोठा कॅमेरा आणि लोखंडी स्टँड आवडला. जड म्हणजे चांगला, अशी माझी समजूत. काकांनी दोन्ही समोरच्या भाजीवाल्याच्या तराजूत घातले, तेवढ्याच वजनाचे बटाटे आपल्या खाकी पिशवीत भरले आणि पिशवी माझ्या खांद्याला अडकवली.

"आलू वापस लाओगे न, बाबूजी?" भाजीवाल्यानं विचारलं.

"तौल के लेना," काका म्हणाले.

अरेरा टेकडीवर पोचेपर्यंत माझा सदरा अंगाला चिकटला.

"बोट पुढे कर."

केलं. ते थरथरत होतं.

"याच बोटानं कळ दाबणार ना रे बाबू?"

मग दुकानातून मागून आणलेला हलका लाकडी स्टँड त्यांनी उभा केला. वाऱ्यानं तो लटपटायला लागला.

"काका, हा तर हलतोय."

त्यांनी बटाटे वर्तमानपत्रावर ओतले, पिशवीत आसपासचे दगड भरले आणि ती स्टँडच्या मधोमध टांगली. स्टँड गप्प उभा राहिला.

"दगड वर फुकट मिळतात. खालून कशाला वाहायचे?"

घडीचा लहान कॅमेरा, लाकडी स्टँड आणि ढग उठून दिसावेत म्हणून भिंगापुढे लावायची एक पिवळी काच, अशी यादी मी सरांना दिली. "नक्की?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हणालो.

कॅमेरा आल्यावर चाचणीसाठी काकांना घेऊन पुन्हा टेकडीवर गेलो. रोल आठ फोटोंचा. सात मी काढले.

"काका, आठवा तुमचा."

खाली उतरत जाणारा मोकळा माळ त्यांनी बराच वेळ पाहिला. "पुढच्या वर्षी इथे क्वार्टर उठतील," म्हणाले. कळेकडे हात नेला आणि मागे घेतला. त्या दिवशी सगळं सामान मी वाहिलं होतं. तरीही त्यांचं बोट थरथरत होतं.

"तूच दाब. हे नागपूरपासूनच असं आहे."

मी दाबली. कॅमेरा धाकट्याकडे का, हे मला मग विचारावं लागलं नाही.

आठही फोटो स्वच्छ आले. "एकही हललेला नाही," सर म्हणाले आणि माळाचा फोटो त्यांनी वर्गाच्या भिंतीवर लावला.

त्याची एक प्रत घेऊन मी काकांकडे गेलो, तर ते ट्रंक भरत होते. राज्यांच्या वाटणीत नागपूर मुंबई राज्यात गेलं होतं, आणि तिकडे बदली व्हावी हा त्यांचा अर्ज मंजूर झाला होता. त्यांनी फोटो तळहातावर ठेवून तोलून पाहिला.

"याला काही वजनच नाही रे," म्हणाले, आणि तो सर्वांत वरच्या सदऱ्याच्या घडीत ठेवला. खाकी पिशवी मला दिली.

सहलीत पहिल्याच कड्यावर ती उघडली. तळाशी एक सुकलेला बटाटा निघाला. तो खिशात टाकून मी दगड भरले, पिशवी टांगली. वारा होता. कळ दाबण्याआधी बोट पुढे करून पाहिलं. ते स्थिर होतं.

मग दाबली.